कुणाच्या मापाचे सदरे

काकूंच्या दुकानात वाघ, परी, पोस्टमन आणि हिटलर एकाच दांडीला शेजारी शेजारी टांगलेले असत. दुकान म्हणजे तरी काय, घराचीच पुढची खोली. खिडकीखाली शिलाई मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल आणि मागच्या भिंतीला ती दांडी. वर्षभर काकू शाळेचे गणवेश शिवत आणि वेशभूषा स्पर्धा जवळ आली की दांडीवरचे पोशाख भाड्याने देत. वाघाची शेपटी दरवर्षी तुटे, परीचा पंख कुणीतरी बसून चेपे. हिटलरच्या कोटाला मात्र कधी काही होत नसे. तपकिरी कापड, कमरेला पट्टा, दंडावर लाल फीत आणि खिशातल्या काडेपेटीत जपून ठेवलेली चौकोनी मिशी. कुणी गिऱ्हाइकाने शिवायला टाकला आणि न्यायला आलंच नाही, म्हणून तो काकूंच्या पदरात पडला होता. पण पडला तो फळला. मुलं म्हणत, वाघ नको, हिटलर द्या.

काकूंना त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. हिटलर म्हणजे कडक माणूस, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठी पुस्तक कशाला लागतं? त्यांचे यजमान होते तेव्हा शेजारीपाजारी त्यांनाच ‘घरचा हिटलर’ म्हणत. का, तर रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की ते घर डोक्यावर घेत. एरवी बिचारे मांजरालासुद्धा ‘जरा सरक गं बाई’ म्हणणारे. रस्त्यावर कचरा दिसला की गिऱ्हाइकं म्हणत, इथे एक हिटलरच पाहिजे. काकू तोंडात टाचण्या धरून मान डोलवत. शाळेत असताना त्यांना त्याच्यावरचा धडा होता. ‘त्याने ज्यूंचा अनन्वित छळ केला’ हे वाक्य गाळलेल्या जागा भरा म्हणून यायचं. काकूंनी ती जागा बरोबर भरली होती, गुण मिळवले होते आणि विसरून गेल्या होत्या.

या वर्षी तो कोट नातीनेच मागितला. काकूंची लेक लॉन्ड्रीत काउंटरवर बसे, जावई नोकरीसाठी परगावी, म्हणून मायलेकी काकूंकडेच राहत. नातीला घरात ठमी म्हणत. पोरगी हुशार, पण बोलताना अडखळे. पहिलं अक्षर दाताआड अडकलं की तिचा चेहरा लाल होई, आणि वर्गातली मुलं तिचं वाक्य तिच्याआधी पूर्ण करून टाकत. होता होता तिने बोलणंच सोडलं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं तर ती परीच्या मागे जाऊन उभी राही.

तीच ठमी मिशी लावून आणि पट्टा कसून आरशासमोर उभी राहिली, वर्गातल्या कुणाच्या तरी भावाने लिहून दिलेलं भाषण म्हणू लागली, आणि एक अक्षर अडलं नाही. शिस्त, कष्ट, आपला देश, आपले शत्रू. मूठ वर, मान वर. काकूंच्या हातातली कात्री तशीच राहिली. शाळेतल्या तालमीत म्हणे सगळा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवत होता. लेकीला हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात नळ सोडून कितीतरी वेळ एकच भांडं घासत बसली. रडताना कुणी पाहू नये अशी तिची रीत होती.

काकूंनी देवाचे आभार मानले आणि कोट ठमीच्या मापाने आत घेतला. कच्चे टाके घातले. जास्तीचं कापड नेहमीप्रमाणे कापलं नाही, शिलाईच्या आत दुमडून ठेवलं. मुलांच्या कपड्यांतलं कापड काकू कधीच कापत नसत. पोर वाढतं, टीप उसवली की कपडाही वाढतो. पोरांचे कपडे पुढच्या वर्षाला विचारून शिवायचे, असं त्या म्हणत.

कोट तसा दांडीवर असतानाच शाळेतल्या इतिहासाच्या बाई दुकानात आल्या. बाई तरुण, शाळेत नवीन. त्यांना सभागृहात एक प्रदर्शन मांडायचं होतं आणि त्यासाठी लहान मुलांचे सदरे शिवून हवे होते. निळे-पांढरे उभे पट्टे, साधं जाडंभरडं कापड.

“कुणाच्या मापाचे?” काकूंनी गळ्यातली टेप काढत विचारलं.

“कुणाच्याच नाही, काकू. नुसते दोरीवर टांगायचेत.”

“अहो, पण अंगच नाही तर बाही किती ठेवू? खांदा किती?”

बाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं, ते काकूंनी कात्री खाली ठेवून ऐकलं. हिटलरच्या राज्यात ज्यूंना घराघरांतून काढून गाड्यांत भरून छावण्यांत नेलं. साठ लाख माणसं मारली. भांडणात नाही, दंगलीत नाही, तर कागदपत्रं करून, गाड्यांच्या वेळा लावून, हिशेबाने. त्यांत लहान मुलं पंधरा लाखांच्या आसपास.

“शिस्तीतच केलं सगळं,” बाई म्हणाल्या. “आणि खरं सांगू का, बहुतेक लहान मुलांना छावणीतल्या कैद्यांचे हे पट्ट्यांचे कपडेसुद्धा मिळाले नाहीत. त्याआधीच मारलं त्यांना. पण पुस्तकात ते एका ओळीत आहे. मुलं ओळ पाठ करतात आणि पुढच्या धड्यावर जातात. काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं. कसं दाखवायचं, ते मलाच नीट कळत नाहीये.”

मग त्यांचं लक्ष दांडीकडे गेलं. कोटावरचे पांढरे कच्चे टाके लांबून दिसत होते. हा यंदा कोण नेतंय, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, आमची ठमी. बाई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “तालमीत मी होते. इतकं सुंदर बोलली ती.” आणि गेल्या. रागवून गेल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. रागवणाऱ्याला उत्तर देता येतं.

सदरे शिवायला घेतले आणि काकूंचं डोकं चालेना. अंगावाचून कपडा त्यांनी जन्मात शिवला नव्हता. शेवटी ठमीच्या वर्गातल्या मुलांची गणवेशाची मापं हाताला पाठ होती, तीच धरली. हा लंबू, ही गुटगुटीत, हा एक खांदा पाडून चालणारा. बेतता बेतता त्यांच्या ध्यानात आलं की जास्तीचं कापड आपण आत दुमडतोय. कात्री उचलली. यांना कशाला वाढीचं कापड? कात्री कापडाजवळ नेली आणि परत ठेवली. पुन्हा उचलली. शेवटी देवाचं नाव घेऊन तशीच टीप मारली. बरोबर की चूक, ते त्यांना काही सांगता आलं नसतं.

लेकीशी बोलून पाहिलं, तर ती फणकारली. “आई, पोरं राक्षस होतात, भूत होतात. सोंग घेतलं म्हणून कुणी राक्षस होतं का? आणि बोलतेय गं ती. त्या कोटात का होईना, बोलतेय.”

काकूंना हे पटलं. अगदी पटलं. इस्त्री तापेपर्यंत त्या निश्चिंत होत्या. मग वाटलं, राक्षस झालेल्या पोराला लोक खोटंखोटं का होईना, भितात. हिटलर झालेल्याला बघून टाळ्या वाजवतात. हे त्या लेकीला सांगायला गेल्या, तर ती कामावर निघून गेली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. यजमान असते तर म्हणाले असते, आधी तो दिवा बंद कर.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी काकू सदरे घेऊन शाळेत गेल्या. टाचण्यांचा डबा धरायला ठमी बरोबर होती. सभागृहात बाईंनी दोरी बांधून ठेवली होती आणि त्या माळ्यावरून तक्ते काढायला गेल्या होत्या. काकू एकेक सदरा लटकवत चालल्या. ठमी बघता बघता थांबली. लंबूचा सदरा तिने लांबीवरून ओळखला, मैत्रिणीचा घेरावरून. मग एका सदऱ्यापाशी गेली, बाही ओढून आपल्या हाताला लावली. मनगटावर बरोबर बसली.

“हा म-माझा आहे.”

काकूंनी तिला खाली पायरीवर बसवलं. बाईंनी सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं, पण बाईंसारखं सांगता येईना. साल आठवेना, छावणीचं नाव येईना. एवढंच म्हणाल्या की तो कोटवाला माणूस खरंच होता आणि त्याच्या हुकुमावरून तुझ्याएवढी पुष्कळ मुलं मारली, ती अमुक घरात जन्मली म्हणून. त्यांनी काही केलं नव्हतं.

“देव कु-कुठे होता?” ठमीने विचारलं.

“मला नाही माहीत गं. मी रोज त्याच्याशी बोलते, पण हे विचारायचं कधी सुचलं नाही.”

ठमी सदऱ्याची कड उलटून बघत होती. आत दुमडलेलं कापड तिने बोटाने चाचपलं. ते कशाला असतं हे तिला सांगावं लागत नव्हतं. मग तिने विचारलं, “मग म-मला सगळ्यांनी एवढ्या टाळ्या का वाजवल्या?”

तू छान बोललीस म्हणून, हे काकूंच्या ओठांवर आलं होतं. पण तोसुद्धा छानच बोलत असणार, तेव्हाही लोकांनी टाळ्याच वाजवल्या असणार, असं मनात आलं आणि जीभ अडली. जन्मात पहिल्यांदा त्यांचं अक्षर दाताआड अडकलं.

दुसऱ्या दिवशी ठमी कोट न घालता, साध्या गणवेशात शाळेत गेली. नाव पुकारलं तेव्हा जागेवरून उठलीच नाही. वाघाला पहिलं बक्षीस मिळालं. लेक सुट्टी काढून बघायला गेली होती, ती घरी आल्यावर आईशी बोलेना. शेवटी म्हणाली, “चार दिवस बोलती झाली होती पोर. तुझ्याच्याने तेही बघवलं नाही.” लेकीचं चुकत नव्हतं. बाईंचंही चुकत नव्हतं. मग चुकलं कुणाचं, हे विचारायला गेलं की काकूंच्या डोक्याचा भुगा होई. बाईंनी भेटल्यावर ठमीच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्याही खूश दिसल्या नाहीत. सभागृहात मुलं सदऱ्यांखालून रांगेने गेली होती. काही हळू चालली, काहींनी ‘हा तुझा, हा माझा’ करत हसून घेतलं, आणि बाईंना त्यांना ओरडावं की नाही ते ठरवता आलं नव्हतं.

ठमी पुन्हा परीच्या मागे उभी राहू लागली.

पुढे दुसऱ्या एका शाळेच्या स्पर्धेसाठी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांना कोट हवा होता. काकूंनी तो दांडीवरून काढून कपाटात ठेवला होता. उसवून टाकावा असं रोज ठरवत होत्या आणि रोज हात मागे येत होता, कारण ठमी बोलली होती ती त्यातच. त्यांनी ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं सुरू केलं, अहो, तो जरा फाटलाय, काखेत...

“तो भ-भाड्याने देत नाही आम्ही.”

परीच्या मागून आवाज आला. ठमी पुढे आली.

“का गं?” गृहस्थांनी हसून विचारलं.

“कारण तो, त्याने, मु-मु...”

शब्द अडला. चेहरा लाल झाला. गृहस्थ तिचं वाक्य पूर्ण करायला पुढे झाले, सवयीने काकूंचंही तोंड उघडलं. पण त्यांनी तोंडात टाचणी धरली आणि गृहस्थांना हाताने थांबवलं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मशीनवर अर्धा शिवलेला गणवेश. मुलगा ठमीच्या ओठांकडे टक लावून बघत होता.

“मुलं,” ठमी म्हणाली. “मुलं मा-मारली.”

आणि पुढचं सांगू लागली. खूप वेळ लागला. मधलं काही चुकलंही असेल, काकूंना तपासता येत नव्हतं. गृहस्थ गोंधळून गेले, एवढ्याशा पोरीकडून ऐकायची तयारी नव्हती त्यांची. त्यांनी पोस्टमनचा पोशाख घेतला आणि मुलाला हाताला धरून बाहेर पडले. मुलगा मात्र वळून वळून ठमीकडे बघत होता.

ठमी टाचण्या वेचायला खाली बसली. काकूंनी गणवेश पुढे ओढला, बाहीच्या आत कापड दुमडलं आणि पाय मशीनवर ठेवला.