गुरुजींचं अजून झालं न्हाई

चहा घेऊन नीट बसा, आन् आधी कबूल करा की यातलं एक अक्षर माझ्या माहेरी पोचणार न्हाई. असला येडेपणा झालाय माझ्या हातून, की आठवलं तरी अजून पदरात तोंड लपवावं वाटतं!

आमचे मालक म्हणजे ताडकळसच्या शाळेतले गुरुजी. वर्गात काय बोलत असतील ते असतील, घरात शब्द मोजून. लग्नानंतर आठ दिवस मला वाटलं, आपल्याला मुकाच नवरा दिला का काय! आन् लाजाळू किती? स्वतःसाठी बनियन आणायचं तरी दुकानदाराच्या हातात चिठ्ठी द्यायचे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, परवा यष्टीच न्हाई. नेमकं त्यातच गुरुजींच्या पोटात कळ उठली. शेजाऱ्याच्या जीपमधून परभणीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फुटलंय. आत्ता ऑपरेशन."

लेकरं जावेपाशी सोडलेली, सोबत कुणी न्हाई. कागदावर सही करून परत आले आन् बघते तर काय! एक सिस्टर आमच्या मालकांचा हात हातात घेऊन बसलेली! बोटाला साबण लावून अंगठी काढायली. माझ्या बापानं लग्नात घातलेली अंगठी हो!

"ओ बाई, काय चाललंय?"

"ऑपरेशनच्या आधी अंगावर काही ठेवत न्हाईत, ताई." तिनं अंगठी पट्टीच्या कापडात बांधली आन् माझ्या मुठीत दिली. "जपून ठेवा."

दिली खरी. पण दुसऱ्याच्या नवऱ्याच्या बोटातली अंगठी इतकी अलगद काढणारी बाई मी तवर पाहिली नव्हती. त्यात दिसायला नीटस, गालावर खळी. नाव काय, तर मंगल. माझ्या डोक्यात तिथंच पयला किडा वळवळला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरच्या चकरा सुरू. तासातासाला यायची, मनगट धरून घड्याळ बघायची.

"गुरुजी, मोठा श्वास घ्या. सोडा. अजून एक."

आन् गुरुजी घ्यायचे! बारा वर्षं मी सांगायले, जरा मोकळं बोला, जरा हसा. माझं एक ऐकलं न्हाई. आन् हिनं श्वास घ्या म्हटलं की श्वास, सोडा म्हटलं की सोडला! वरून त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर टाकून व्हरांड्यात चालवायची. चार लोकांत! मी मागं सलाईनची बाटली धरून, करवलीसारखी.

शेजारच्या खाटेवर बोरीच्या काशीमावशीचा लेक होता, हर्नियाचा. मावशी माझ्या कानाशी लागली, "पोरी, माझ्या लेकाकडं दिवसातून एकदा येती, तुझ्या मालकाकडं धा येळा. ध्यान ठेव बाई."

ध्यान ठेवायला सांगायची गरज होती का मला?

तिसऱ्या दिवशी नळावरून तांब्या भरून आले आन् दारातच थबकले. आत दोघांची हळू आवाजात कुजबुज.

"झालं का?" सिस्टर.

"अजून न्हाई." आमचे गुरुजी.

"आतापर्यंत व्हायला पायजे होतं. लाजू नका. झालं की पयलं मला सांगा."

"बरं."

"ताईंना बोललात का?"

"तिला कसं सांगू? लाज वाटती."

"मग मी सांगते."

"न्हाई न्हाई! तुमी काहीच बोलू नका तिच्यापाशी!"

आता तुमीच सांगा, तुमी काय समजला असता? माझ्या हातातला तांब्या तिथंच पालथा झाला!

मी मनाशी ठरवलं. भांडायचं न्हाई, आधी वाट बंद करायची. सिस्टर चालवायला आली की मी खाटेला आडवी.

"ह्यांना चक्कर यायली. न्हाई चालणार."

"ताई, चालणं लय गरजेचं हाय."

"कुणाच्या गरजेचं ते मला कळायलंय!"

ती बघतच राहिली. गुरुजी छताकडं. सकाळी परतवली, दुपारी परतवली. मी स्टूल मधोमध टाकून राखण करत बसले. त्यांना पाणीसुद्धा प्यायचं न्हाई, नुसता ओला कापूस ओठाला. मला वाटलं, हा पण तिचाच डाव. उपाशी ठेवून माणूस ढिला करायचा, म्हणजे कशालाही हो म्हणंल!

संध्याकाळी डॉक्टर आले. गुरुजींचं पोट फुगून डफासारखं झालेलं. डॉक्टरनं वरून बोटांनी टकटक केलं आन् सिस्टरवर भडकले.

"यांना आज चालवलं का नाही? उद्यापर्यंत झालं नाही तर अवघड आहे."

सिस्टर खाली मान घालून उभी. माझं नाव एका शब्दानं घेतलं न्हाई तिनं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं न्हाई हो. माझ्या डोक्यात एकच, म्हणजे डॉक्टरसुद्धा यात सामील!

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायच्या वेळेला वॉर्ड गच्च भरलेला. सिस्टर आली, गुरुजींजवळ वाकली, हळूच म्हणाली, "झालं का?"

मी उठले. पदर खोचला.

"काय व्हायचंय तुमचं दोघांचं? सांगा चार लोकांत! मला पण कळू द्या!"

कुणाच्या तरी हातातली भाकरी हातातच राहिली. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं, आन् शांतपणे म्हणाली,

"दोघांचं न्हाई, ताई. एकट्या गुरुजींचं. वारं सरायचंय त्यांचं!"

"क… काय?"

"पोटाचं एवढं ऑपरेशन झालं की आतडी सुस्त पडतात. वारं सरलं की समजायचं, कामाला लागली. तवर पाणी न्हाई, जेवण न्हाई. चालल्यानं लवकर होतं. आन् तुमी कालपासून त्यांना उठू द्यायना."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. हर्नियावाला तर टाके धरून कण्हायला आन् हसायला लागला. आन् सगळ्यात मोठ्यानं कोण? काशीमावशी! गुरुजींनी चादर डोक्यावरून घेतली.

मला मात्र रडूच फुटलं. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती का ती? ज्या बाईनं माझा माणूस सांभाळला तिला बोल लावले, माझ्या पायी तिनं डॉक्टरचं ऐकून घेतलं, आन् नवऱ्याचं पोट मीच फुगवून ठेवलं!

"माफ करा हो सिस्टर."

"रडू नका. आता तुमीच चालवा त्यांना," सिस्टर म्हणाली, "आन् झालं की लगेच येऊन मला सांगा."

मग काय! गुरुजींचा हात माझ्या खांद्यावर. लग्नापासून चार पावलं मागं चालणारी मी, त्या दिवशी भर व्हरांड्यात त्यांना बिलगून चालायले. खरं सांगू? गोड वाटलं जिवाला. दर फेरीला विचारायची, "झालं का?" ते म्हणायचे, "अगं, हळू बोल."

सहाव्या का सातव्या फेरीला ते मधेच थांबले. कान लाल झाले. दुसरीकडं बघत बारीक आवाजात म्हणाले, "झालं."

मला किती आनंद व्हावा! लेकरांच्या बारशालासुद्धा एवढा झाला नसंल. गुरुजींना तिथंच खांबाला टेकवलं आन् मी सुटले. अख्ख्या वॉर्डातून ओरडत!

"सिस्टर! झालं ओ! आमच्या गुरुजींचं झालं! लय मोठं झालं!"

आन् वॉर्डाच्या दारात गच्चकन थांबले. समोर डॉक्टर. त्यांच्या शेजारी मोसंब्यांची पिशवी घेतलेले शाळेचे हेडमास्तर, मागं चार मास्तर आन् दोन मास्तरीणबाया. सगळे गुरुजींना बघायला आलेले.

हेडमास्तरांना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आन् तोंडभरून हसून म्हणाले, "अभिनंदन वहिनी! मुलगा का मुलगी?"

गुरुजी त्या दिवशी पेज प्यायले, आठवड्यानं खडखडीत बरे झाले. पण टाके निघेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. काही लागलं, काही सांगायचं असलं की सरळ सिस्टरला हाक मारायचे.

आन् मी? मी गप स्टूल उचलून बाजूला व्हायची!