उशीवरची उघडी पिन

पोरी, इकडे ये, आजीजवळ बस अन् आधी माझी बोलणी खा. मागच्या खेपेले आलीस अन् जाताना उशीवर पिन उघडीच टाकून गेलीस, ती आज मले टोचली अन् तुझ्या ताईच्या नर्सिंगच्या परीक्षेचा तो दिवस आठवला. धानोऱ्याहून निघालेल्या एसटीत, मोहफुलांच्या पोत्यांच्या वासात अन् रेटारेटीत, तिच्या कुर्त्याची पाठीवरची चेन तुटली, म्हणून मी बांगडीतल्या दोन पिना काढून लावून देल्या. तर परीक्षेच्या फाटकावर तपासणारा म्हणे, "लोखंड चालत नाई, काढ!" पिना काढल्या अन् पोरगी भरल्या रांगेत पाठ हातानं झाकून रडाले लागली. फाटक बंद व्हाले दहाच मिनिटं होती, अन् तो हासून म्हणते, "घरून धड कपडे घालून काऊन नाई येत?" माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, "अरे भाऊ, कोणाले टोचू नये म्हणून एवढ्याशा पिनेलेही टोपी असते, तुझ्या जिभेले नाई काय?" मंग तिले कडुलिंबाआड नेलं, त्याच पिनेनं कापडाले भोकं पाडली, माझ्या लुगड्याच्या काठाचा धागा उसवून त्यातून ओवला, गच्च गाठी मारल्या अन् फाटकावर आणून म्हटलं, "आता दाखव लोखंड!" ती आत गेली, पासही झाली, पण त्या माणसाचं हासणं आठवलं की अजून अंगाची आग होते. त्या दोन पिना माझ्या बांगडीतच आहेत, तुझी तिसरी टोक झाकून बाजूले अडकवली. आज जाताना ती घेऊन जा, अन् पुढच्या खेपेले ताईलेही घेऊन ये.