जहाजाच्या नाकापासून मोजलेला कोन

पालथ्या पडलेल्या माणसाशी भांडण्यात मजा नाही. चेहरा दिसत नाही, त्यामुळे आपलं बोलणं लागलं की नाही ते कळत नाही. तरी त्या दिवसांत मी नवऱ्याशी पोटभर भांडले, आणि तेही कशावरून, तर समुद्रातल्या एका मालवाहू जहाजावरून. आम्ही अकोल्याची माणसं. नळाला पाणी येईल तेवढंच काय ते आमचं पाणी.

झालं होतं असं. नवऱ्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डाव्या डोळ्याने त्याला लहानपणापासून जेमतेमच दिसतं, त्यामुळे सगळी भिस्त या एका डोळ्यावर. अमरावतीला ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला आतून दाबून धरणार, म्हणून मान कायम खाली, अगदी जेवतानासुद्धा. अमरावती ते अकोला अख्खा रस्ता तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत आला. मूर्तिजापूर गेलं हे मीच त्याला सांगितलं. दिसेल, पण किती ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नवरा घरांचे नकाशे काढतो. त्यावर आमचं घर चालतं हा एक भाग झाला. पण नकाशा काढता आला नाही तर हा माणूस करणार काय, हा प्रश्न मला जास्त खात होता.

घरी आल्यावर तो बोलेनासा झाला. पाणी दे, उशी सरकव, थेंब टाक, एवढंच. रडणाऱ्या माणसाला मी सांभाळू शकते, गप्प बसणाऱ्याची मला धास्ती वाटते. शेवटी एका दुपारी मीच विचारलं, "तुमच्या त्या पाणबुडीचं काय झालं?"

पाणबुडीचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ हा त्याचा जुना नाद. पेरिस्कोपमधून शत्रूचं जहाज हेरायचं आणि टॉर्पेडो मारून बुडवायचं. नेम आपोआप धरून द्यायची सोय खेळात असते, पण ती वापरणं त्याला कमीपणाचं वाटतं. सगळा हिशोब आपला आपण करायचा. मी आजवर या प्रकाराला नावंच ठेवत आले होते. आता म्हटलं, मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून सांगते, तुम्ही पडल्या पडल्या हिशोब करा.

उशीतून आवाज आला, "तुले नाई जमणार."

मला! मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. त्रिकोणमिती मला शिकवील असा माणूस अजून भेटायचा आहे. मी खुर्ची ओढली आणि बसले.

टॉर्पेडो म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे. तो पाण्यातून जाईपर्यंत जहाज पुढे सरकलेलं असतं. म्हणून जहाज आहे तिथे मारायचं नाही, ते पोचेल तिथे मारायचं. त्यासाठी जहाजाचा वेग, अंतर आणि कोन हवा. वेग आणि अंतर निघतं. घोडं अडतं ते कोनापाशी, कारण हा कोन आपल्याकडून मोजायचा नसतो. मनाने जहाजावर जाऊन बसायचं, त्याच्या नाकाकडे तोंड करायचं, आणि आपली पाणबुडी नाकापासून किती अंश वळल्यावर दिसते, उजव्या हाताला की डाव्या, ते सांगायचं.

मी ठणकावून सांगितलं, "डावीकडं साठ." 

जहाज पडद्यावर उजवीकडे चाललं होतं. साध्यासुध्या माणसाने उजवीकडेच सांगितलं असतं आणि ते बरोबर आलं असतं. पण माझी सगळी नोकरी मुलांकडे तोंड करून उभं राहण्यात गेली. त्यांचा उजवा हात तो माझा डावा, हे इतकं अंगात भिनलंय की समोर काही आलं की मी उलटवूनच बोलते. टॉर्पेडो जहाजाच्या मागून, लांबून, कोणालाही त्रास न देता निघून गेला.

"लागला का?"

"नाई."

"उजवं-डावं उलटं सांगतलं असशीन."

"तुमी नीट समजावून सांगतलं असतं तर काहून चुकली असती?" मी आवाज चढवला. तेव्हा त्याचे खांदे हलताना दिसले. माणूस हसत होता. मला राग आला आणि बरंही वाटलं.

पण हरायचं मला जमत नाही. भाकरी थापता थापता विचार केला आणि चूक सापडली. चूक उजव्या-डाव्यातच होती, तर ते हवंच कशाला? माझं माहेर तिवशाजवळचं. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुरा उगवतीचा असतो नाहीतर मावळतीचा. डावा धुरा कोणी ऐकलेला नाही. आई तर स्वयंपाकघरातसुद्धा म्हणायची, "तिखटाचा डबा मावळतीकडं हाय, पाय." लग्नानंतर नवरा पहिल्यांदा तिकडे आला तेव्हा आंघोळीचं पाणी उगवतीकडे ठेवलंय असं त्याला सांगितलं, तर तो टॉवेल घेऊन अंगणात गोल फिरला होता.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याची पद्धत बाजूला सारली. पडद्यावरच्या होकायंत्राप्रमाणे जहाज उगवतीला चाललंय. मला ते वायव्येला दिसतंय, म्हणजे जहाजावरच्या माणसाला मी आग्नेयेला दिसणार. उगवतीकडून आग्नेयेकडे वळायचं तर उजवीकडेच वळावं लागतं, आणि तो कोन पंचेचाळीस अंशांचा. संपलं. कोणाच्या डोक्यात शिरायची गरज नाही, कोणाचा हात उलटवायची गरज नाही. मी आकडे सांगितले. नवऱ्याने तोंडीच साइनचा नियम लावून टॉर्पेडो किती पुढे टाकायचा ते सांगितलं. मी बटण दाबलं, आणि जहाजाच्या मधोमध पाण्याचा खांब उभा राहिला.

"लागला! लागला!" मी ओरडले. 

तो ताडकन उठायला गेला. 

"मान खाली!" मी त्याहून मोठ्याने ओरडले.

त्यानंतर आमच्या दुपारी चांगल्या जाऊ लागल्या. डोळे माझे, हिशोब त्याचा, आणि भांडण दोघांचं. तो पुन्हा बोलायला लागला होता. पण डोळ्याबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता, आणि मीही विचारत नव्हते.

पुढे मान वर करायची परवानगी मिळाली. बुडबुडा हळूहळू लहान होत होता. वरच्या भागात दिसतं आणि खाली पाणी डुचमळतं, असं तो म्हणाला. "पेरिस्कोप अर्धा पाण्यात हाय," असं हसून सांगितलंसुद्धा. पण वर दिसतं म्हणजे किती दिसतं, असं विचारलं की "ठीक हाय" म्हणायचा. भेटायला आलेल्या पाहुण्यांना सांगावं तसं ते ठीक हाय होतं. कामाचा कागद त्याने अजून हातात धरला नव्हता. तो का धरत नाही ते मला कळत होतं, आणि मला भीती वाटत होती.

अशाच एका दुपारी मी पेरिस्कोपवर होते. तो मागे खुर्ची टाकून बसला होता. जहाज लांब होतं, धुरकट हवेत, बोटाएवढंही नाही. माझे आकडे तयार होते. बटणावर बोट ठेवलं तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. वळलं ते."

"कुठं वळलं? मी आताच मोजलं."

"डोलकाठ्या पाय ना. दोघींमधली फट कमी झाली."

मी पडद्याला नाक लावून पाहिलं. मला डोलकाठी एकच दिसत होती. "काई वळलं नाई," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

टॉर्पेडो गेला. आम्ही वाट पाहिली. आणि तो जहाजाच्या पुढून निघून गेला. जहाज खरोखरच वळलं होतं. मी जिथे धरलं होतं तिथे ते पोचलंच नाही.

मी खुर्चीसकट मागे फिरले. "तुमाले फट दिसली?"

"मंग? दिसली म्हणून तं सांगतलं."

माझ्या दोन्ही धडधाकट डोळ्यांना जे दिसलं नाही, ते त्याने त्या एका डोळ्याने मागून पाहिलं होतं. आयुष्यात स्वतःची चूक झाल्याचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी हसायला लागले, आणि हसता हसता रडू कोसळलं.

त्याच्या मात्र काही लक्षात आलं नाही. त्याचा जीव वाया गेलेल्या टॉर्पेडोत अडकला होता.

"काहून रडून राहिली वं?" तो म्हणाला. "आखीन एक हाय ना नळीत. सरक तिकडं, कोन मी पायतो."