परवाना वाळेपर्यंत

पाचवीत शाळा सोडली. चार-पाच वर्षं शेतात काढली आणि मग आमच्याच तालुक्यातल्या एका काकांच्या मागे हैदराबादला आलो. स्टेशनाबाहेर एवढी माणसं होती की मिसरूड फुटलेला मी त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून चालत होतो. काका नात्याचे कुणी नव्हते. सरकारी कचेरीत कारकून होते. कोठीच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन राहत, तीत त्यांनी मला घेतलं, सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात चिकटवलं आणि माझ्या हातून भात मऊ झाला तरी कधी बोलले नाहीत. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर मला हा लेख पुरायचा नाही.

मी भित्रा होतो. शेठनं नुसतं माझ्याकडे बघितलं तरी थानाची घडी चुकली की काय असं वाटायचं. पण पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक बाई कापड बाजूला सारत म्हणाली, "ये रंग नक्को," आणि मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, ज्या शहरात 'नको' चालतं तिथं आपलंही चालेल.

दोनेक वर्षं चाललंही. मग राज्याचे तीन वाटे व्हायचं ठरलं. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, आणि हैदराबाद नव्या तेलुगू राज्यात. कचेऱ्यांमधली माणसं वाटली जाऊ लागली आणि काकांच्या वाट्याला मुंबई आली. दुकानाला काय, राज्य कुठलंही असलं तरी लोक कपडे घालणारच. माझी नोकरी जागेवर होती. प्रश्न माझाच होता. काकांशिवाय या शहरात मी एकटा राहू शकेन, की बिऱ्हाड उचलून गावी जावं?

घरमालकीण तेलुगू होती, तिला आम्ही अम्मा म्हणायचो. खोली घ्यायला तिच्याकडे दुसरं कुटुंब तयार होतं. रोज नळावर भेटली की ती विचारायची, "उंटावा, पोतावा?" राहतोस की जातोस? मी हसून बादली उचलायचो.

"आठवडाभर तुला दुकान सांभाळेल रे," काका एका संध्याकाळी म्हणाले. "रविवारचं काय? भिंतीकडे बघत बसशील आणि दुसऱ्या महिन्यात गाडी धरशील. या रविवारी माझ्याबरोबर गंडीपेठला चल."

काकांना गळ टाकून बसायचा शौक होता. दर रविवारी पहाटे किरायाच्या सायकलवर ते शहराबाहेरच्या गंडीपेठ तलावावर जायचे. मी कधी गेलो नव्हतो, कारण त्याला परवाना लागतो असं ऐकलं होतं आणि परवाना म्हटलं की मी चार हात लांब राहायचो. आमच्या गावी नदीतला मासा धरायला कुणाला विचारायचं असतं? नदीला? पण काका मला कचेरीत घेऊन गेले, खिडकीतून एक कागद मिळवला आणि माझ्या हातात ठेवला. माझं नाव टाईप केलेला आयुष्यातला पहिला कागद. त्यावर शिक्का होता. गळ एक, जाळं नाही, काठावरूनच, वगैरे अटी काकांनी मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. मी "हो, हो" म्हणत होतो, पण बघत होतो तो शिक्का.

रविवारी बंडीच्या आतल्या खिशात तो कागद ठेवला आणि वाटभर एका हातानं सायकल आणि दुसऱ्यानं खिसा धरला. "पडशील," काका म्हणाले. "परवाना काही उडत नाही."

तलावाच्या काठावर काकांची मंडळी आधीच बसलेली. सगळ्यात वडील म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड, शेरवानी घालून मासे धरायला येणारे. त्यांना सगळे चाचा म्हणत. तिथली रीत काकांनी मला हळूच सांगितली: कुणाच्या चाऱ्यात काय आहे ते विचारायचं नाही. पिठात भाजलेली पेंड, बडीशेप एवढं उघड असतं. पुढचं ज्याचं त्याचं गुपित. वास आला तर घ्यावा आणि गप्प बसावं. चाचांच्या चाऱ्याला तर चक्क अत्तराचा वास होता. आमच्याकडे लग्नातसुद्धा नवरदेवालाच लावतात तेवढं!

"ये कौन?" चाचांनी विचारलं.

"मेरा भतीजा. मैं चला जाऊंगा तो ये आयेगा," काका म्हणाले. येईन असं मी कुठं म्हटलं होतं?

काकांनी चारा लावून दिला, गळ टाकला. पाण्यावर मोरपिसाची काडी उभी तरंगत राहिली. बराच वेळ काही नाही. मग काडी हलली, आडवी झाली आणि खाली गेली. मी बांबूची काठी वर ओढली. काठी वाकली, दोरा ताणला, आणि काठापासून हातभरावर एक लालसर पाठ पाण्यावर आली. चांगला भरलेला रोहू!

आता आमच्या गावच्या डोहावर गळाला मासा लागला आणि काठाशी आला की काय करतात, तर अंग टाकतात. दोरा तुटायच्या आत पाण्यात उडी मारायची, माशाला पोटाशी कवटाळायचं, धोतरात गुंडाळून वर आणायचं. गळ टाकणारा आणि उडी मारणारा वेगळा असला तर दोघांत भांडण होतं, म्हणून शहाणा माणूस दोन्ही कामं स्वतःच करतो. मी शहाणा माणूस होतो. मी उडी मारली.

कमरेइतक्या पाण्यात मासा कवटाळून उभा राहिलो तेव्हा काठावर सगळं गप्प झालं होतं. मला वाटलं, कौतुकानं.

"नीळ्ळलो दिगोद्दु!" पाण्यात उतरू नको म्हणून तलावाचा चौकीदार ओरडत धावत आला. "पूरा शहर ये पानी पीता, मालूम?"

मालूम होतं. रोज अम्माच्या नळावर मीच भरत होतो. आणि काकांनी वाचलेली अट तेव्हा आठवली: काठावरूनच. आता परवाना जाणार, माझ्यामुळे काकांचाही जाणार, आणि जायच्या आधीचे त्यांचे उरलेसुरले रविवार मी बुडवले. मी मासा सोडला नाही, कारण हात उघडायचं सुचत नव्हतं.

"बाहर आओ मियाँ," चाचा शांतपणे म्हणाले. "मछली की साँस घुट रही है, इतना प्यार नक्को."

काठ हसला. चौकीदार हसला नाही. "परवाना निकालो."

खिशातून मी काढला तो भिजून लोळागोळा झालेला कागद होता. चौकीदारानं तो उलगडला. शाई पसरली होती, शिक्क्याचं जांभळं फूल झालं होतं. मी रडायच्या बेतात.

"जाने दो," चाचा चौकीदाराला म्हणाले. "कोठी में रहता बच्चा, वहाँ नल कू पानी कब आता? इतवार का नहाना था, हो गया."

"साबून भी लाया था क्या?" पलीकडचा एकजण म्हणाला.

आता चौकीदाराचाही ओठ हलला. त्यानं कागद एका तापलेल्या खडकावर पसरला, वर गोटा ठेवला आणि निकाल दिला: मासा परत पाण्यात, आणि परवाना सूखने तक शिकार बंद.

मी रोहू सोडला. "जा के पूरे खानदान कू बोलेगी," चाचा म्हणाले. "आज एक मराठा गले मिला."

परवाना वाळेपर्यंत मी खडकाशेजारी बसलो, आणि त्या वेळात मला सगळ्या काठानं शिकवलं. मासा ओढायचा नाही, पळू द्यायचा. "ढील दो, मियाँ, ढील. दमला की तोच येतो तुमच्याकडे." प्रत्येकजण आपल्या जागेवरून एकेक सांगत होता, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याला पटत नव्हतं. काका पाण्याकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

पुढच्या आठवड्यात काका नामपल्लीहून मुंबईच्या गाडीत बसले. त्यांची बांबूची काठी मला देऊन गेले. खिडकीतून म्हणाले, "राहशील ना रे?" मी काठी या हातातून त्या हातात घेतली. गाडी हलली. घरी आलो तर अम्मा दारातच. सोमवारी सकाळी नक्की सांग, नाहीतर ते दुसरं कुटुंब येईल, म्हणाली.

रविवारी एकटाच सायकल मारत गंडीपेठला निघालो. काकांशिवाय मला तिथं कोण ओळखणार? मागच्या वेळी हसले ते काकांच्या भिडेनं. आज म्हणतील, कोण तुम्ही? दोनदा सायकल वळवलीसुद्धा. शेवटी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि काठ भरला होता. खाली उतरताना चाचांचा आवाज ऐकू आला. कुणी नवखा माणूस काकांच्या जागेवर टेकत होता आणि चाचा त्याला छत्रीनं अडवत होते.

"यहाँ नक्को बैठो, साहब. ये हमारे नहानेवाले की जगह है. देर से आता, लेकिन आता."

मी सायकल तिथंच उतारावर आडवी टाकली. मग जाऊन बसलो. चाचांनी आपल्या डब्यातला चाऱ्याचा एक गोळा माझ्यापुढे ठेवला. अत्तराचा वास आला. मी घेतला आणि गप्प बसलो.

"परवाना सूखा?" त्यांनी विचारलं.

"सूखा, चाचा."

"तो काडी पर नजर रखो."

त्या दिवशी मासा लागला नाही. सोमवारी सकाळी नळावर अम्मानं बादली सरकवली आणि विचारलं, "उंटावा, पोतावा?"

"उंटा, अम्मा," मी म्हणालो. राहतो.

तिनं माझ्या दाराशी टेकवलेल्या काठीकडे बघितलं आणि बजावलं: मासे आणलेस तर साफ मागच्या दारी करायचे, आणि मुंडकं मला.