तोफेवरची हळद

आज दसरा. सकाळी तापीकाठच्या किल्ल्यात ड्युटीवर आले, तर तोफेवर ताजा झेंडू आणि ओली हळद. त्या वासासरशी बाबा आठवले.

उधन्यात कापडाचे लूम चालवणारे बाबा एका दसऱ्याला मशीन पुजून मला किल्ला दाखवायला घेऊन आले होते. समुद्रातून नदीत शिरणाऱ्या शत्रूच्या जहाजांवर रोखलेली ही तोफ. शस्त्रच ते, म्हणून त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं. "पाया पड माय, आज दसरा शे."

"साफ करो, आ रक्षित स्मारक छे," रखवालदार सगळ्यांसमोर ओरडला. बाबांनी डोक्यावरची नवी टोपी काढून त्या टोपीनंच तोफ पुसली. मला बाबांची लाज वाटली.

आता इथली रखवालदार मीच आहे. फडकं ओलं केलं आणि पुसण्याआधी आजूबाजूला पाहिलं, कुणाची पोरगी बघत तर नाही ना.