काय भेटलं तुले, बोल

"काय भेटलं तुले, बोल."

चहाचा कप हातात देतानाही आमचे सीनियर प्रोग्रामर भाई हेच विचारायचे. तुम्ही "चहा" म्हणेपर्यंत कपाचा कान त्यांच्या बोटांतून सुटायचा नाही. अमरावतीच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नवा माणूस पहिल्या दिवशी याला हसायचा आणि आठवड्यात वैतागायचा. मीही वैतागले होते. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

सवय अकोल्याच्या जुन्या शहरातली. तिथं त्यांच्या अब्बांचा लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचा धंदा. घरात उर्दू, गिऱ्हाईक वऱ्हाडी. अब्बा ज्या मोठ्या पातेल्याला देग म्हणत त्याला गिऱ्हाईक गंज म्हणे. म्हणून देणाऱ्यानं काही बोलायचंच नाही. घेणाऱ्यानं एकेका भांड्याला हात लावून आपल्या बोलीत नाव घ्यायचं, अब्बा नुसते पाहायचे.

आमचं काम याहून वेगळं नव्हतं. डोळ्यांच्या शिबिराची नोंदणी जावा भाषेतल्या जुन्या प्रोग्राममध्ये व्हायची आणि शस्त्रक्रियेची, गाडीची तयारी पायथनमधल्या नव्या प्रोग्राममध्ये. एकाकडून दुसऱ्याकडे पेशंटांचा अख्खा संच जायचा. प्रत्येक पेशंट एक ऑब्जेक्ट: नाव, गाव, वय, कोणता डोळा.

शिबिराच्या आदल्या दिवशी संच गेला, चूक दाखवणारं लाल अक्षर कुठं नाही. मी पर्स उचलली.

"झालं न, भाई."

"पाठवनारा त नेहमी खुशच रायते. घेनाऱ्याले बोलू दे."

मग नवा प्रोग्राम एकेक नाव दाखवू लागला आणि भाई जुन्याशी ताडून पाहू लागले. मी मनातल्या मनात चरफडत होते. चांदूर रेल्वे गावच्या नावांपाशी ते थांबले, नव्या प्रोग्रामलाच त्यांनी विचारलं.

"इथं दोन गंगाबाई व्हत्या. तुह्याकडं एकच कावून?"

नाव, गाव, वय सारखं दिसलं की दुबार नोंद समजून एक गाळायची, हा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवला होता. भाईंनीही मान डोलावली होती. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या वय विचारलं की सरसकट साठ सांगतात, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. एकीच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती, दुसरीच्या उजव्या. या दुसरीचा डावा कधीच गेलेला होता, आता हा एकच उरला होता. गळाली होती ती हीच, तिला घ्यायला गाडी थांबलीच नसती. भाईंनी नियमात डोळाही घातला, संच पुन्हा पाठवला, आणि सकाळी दोघी गाडीत बसल्या.

पुढं अब्बा थकले, तेव्हा भाई धंदा सांभाळायला अकोल्याला गेले. मजेत आहेत. आम्हाला मात्र चहा आता मुकाट्यानं मिळतो, आणि तो गोड लागत नाही.

परवा ती दुसरी गंगाबाई थेट ऑफिसात आली. गाडीवाल्यानं तिला सगळं सांगितलं होतं.

"मले गाडीत बसवलं तो भाऊ कुठी हाय?"

"ते अकोल्याले गेले, आजी."

"मंग हे त्याइले धाडून दे." तिनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

मी भाईंना फोन लावून सांगितलं. वाटलं, गहिवरतील.

"काय भेटलं तुले, बोल."

मी एकेका पुडीला हात लावत गेले. "मुगाच्या वड्या. जवसाची चटणी. कुरड्या." समोर बसून म्हातारी नुसती पाहत होती.

"झालं, भाई."

"ते पिवळी पुडी राह्यली न, बाई," म्हातारी म्हणाली. "खाली, कोपऱ्यात."

तिचं बोलणं फोनवर भाईंनी ऐकलं. मग हळूच म्हणाले, "दिसून राह्यलं तिले."

मी पिशवीत हात घातला. "हळद, भाई."