रोहीसाठी भरलेला बार

मागच्या हिवाळ्यात आमच्या शिवारात एक जखमी रोही, म्हणजे नीलगाय, फिरत होता. नर, निळसर काळा, उंचीला घोड्यासारखा. कुणीतरी त्याच्या मागच्या मांडीत छर्रे मारले होते. ते आतच राहिले, जखम चिघळली आणि जनावर बिथरलं. एरवी रोही माणूस दिसला की पळतो. हा अंगावर यायचा. मी हरभऱ्यात खुरपत होते तेव्हा तो सरळ माझ्यावर धावून आला. बांधाखालच्या चरात पडले म्हणून वाचले. त्या दिवसापासून आमच्या घरात बंदुकीचं बोलणं सुरू झालं.

बंदूक ठासणीची. तोंडातून आधी दारू घालायची, मग गोळी, मग गजानं ठासायचं, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एका वेळी एकच बार. शेतराखणीचा परवाना निजामाच्या काळापासून घरात होता. सासरे गेल्यावर यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कचेरीच्या चकरा नको म्हणून अंग काढून घेतलं आणि परवाना सासूबाईंच्या नावावर झाला. वन खात्याच्या लोकांनी येऊन रोही पाहिला, तो वाचणार नाही म्हणाले आणि मारायची परवानगी दिली. अटी दोन: त्यांचा वनरक्षक हजर पाहिजे आणि ज्याचा परवाना त्यानंच बार काढायचा.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या गळ्यात लिंग. पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत, घरात अंडंही येत नाही. सासऱ्यांबरोबर राखणीला जायच्या तेव्हा रानडुकरं हाकलायला त्यांनी हवेत पुष्कळ बार काढले होते, मडक्यावर नेमही धरला होता. पण जिवावर कधी नाही. त्या नाही म्हणतील, असंच आम्हाला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी अर्धवट मारलं म्हनून ते सडायलंय. आता नीट मारावं लागंल."

नीट म्हणजे कसं, यावर मायलेकांचं पटेना. छर्रे नकोत, शिशाची एकच जाड गोळी, इथपर्यंत दोघं एक होते. भांडण होतं दारूचं. सासऱ्यांचं पितळी माप होतं, पण ते डुकरासाठी किती भरायचे आणि रोहीसाठी किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दारू कमी पडली तर गोळी हाडापर्यंत पोचणार नाही आणि जनावर दुसरी जखम घेऊन उसात शिरेल. जास्त झाली तर नळी जुनी, बरीच वर्षं वापरलेली नाही, आणि बार निघताना आत्याबाईंचा गाल तिला लागून असणार. हे अर्ध्या मापावर अडून बसले. आत्याबाई भरून माप म्हणत होत्या. माप माझ्या हातात, आणि दोघंही माझ्याकडं बघत होते.

शेवटी बंदूक आधी दुरून उडवून बघायची ठरलं. यांनी ती बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांना दोरखंडानं करकचून बांधली, चापाला सुतळी लावली, आणि आम्ही विहिरीच्या काठाआड बसलो. समोर ओल्या काळ्या मातीनं भरलेलं पोतं. अर्ध्या मापाला आवाज झाला, पण गोळी पोत्यात चार बोटंसुद्धा गेली नव्हती. आत्याबाईंनी ती उकरून यांच्या हातावर ठेवली. पाऊण मापाला गोळी खोल गेली, पण बाजूला. गोळी नळीत ढिली बसत होती. आत्याबाईंनी जुन्या धोतराची चिंधी करडईच्या तेलात भिजवली, गोळीभोवती गुंडाळली आणि मग ठासली. आता नेम धरला तिथंच लागली. मग भरून माप. सुतळी ओढताना यांनी डोळे मिटून घेतले. धूर विरला तशी गोळी पोत्यातून आरपार गेलेली दिसली. यांनी नळीवरून बोटं फिरवली, उन्हात धरून आतून-बाहेरून बघितली. चीर नव्हती.

तरी हे म्हणाले, "पाऊणच भरू."

"तुला माझ्या तोंडाची काळजी हाय," आत्याबाई म्हणाल्या. "मला त्याची हाय. भरून टाक."

दिवस मावळायच्या आधी आम्ही उसाला लागून असलेल्या बांधावर जाऊन बसलो. वनरक्षक मागं, हे त्यांच्याजवळ, मी आत्याबाईंच्या शेजारी टोप्यांची डबी घेऊन. वारा आमच्या तोंडावर होता. आधी माद्या बाहेर आल्या आणि हरभऱ्यात पसरल्या. नर सगळ्यांत शेवटी आला, लंगडत. पाय टेकला की त्याचं सगळं अंग थरथरायचं. एवढ्या लांबूनही वास येत होता.

तो जवळ येईपर्यंत थांबायचं होतं. आला, पण त्याच्या पलीकडं एक मादी उभी. गोळी आरपार जाते हे आम्ही दुपारीच बघितलेलं. आत्याबाई नेम धरून तशाच बसल्या. जड नळी हलायला लागली, म्हणून मी माझा गुडघा खाली आधाराला दिला. मादी चरत चरत पुढं सरकली. आत्याबाईंनी चाप ओढला.

टोपी फटकन फुटली. बार उडालाच नाही.

रोहीनं मान वर केली. मी उठायला लागले तशी आत्याबाईंनी कोपरानं मला दाबलं. कधी कधी बार उशिरा पेटतो, त्यामुळं नळी तिकडंच धरून ठेवावी लागते. आम्ही तशाच थांबलो. काहीच झालं नाही. मग त्यांनी घोडा मागं घेतला, केसांतली पिन काढून टोपीखालचं बारीक भोक टोकरलं आणि नजर न हलवता माझ्यापुढं तळहात केला. माझ्या बोटांना घाम आलेला, एक टोपी गवतात पडली. दुसरी दिली. रोही तोवर एक पाऊल आमच्याकडं आला होता.

ह्या वेळी बार उडाला. आत्याबाई मागं माझ्या अंगावर कलंडल्या. धुरानं काही दिसेना, फक्त माद्या उसात घुसल्याचा आवाज. हे पळत आले ते थेट आईचं तोंड चाचपायला. "मला काय झालं न्हाई, जनावर बघ," म्हणून त्यांनी यांचा हात बाजूला केला.

रोही हरभऱ्यातच पडला होता, उभा होता तिथून थोडा पुढं. आम्ही पोचलो तेव्हा संपलेला होता. गोळी खांद्यामागं लागली होती. वनरक्षकांनी मांडीची जखम बघितली, चाकूच्या टोकानं छर्रे काढून कागदावर ठेवले. ज्वारीच्या दाण्याएवढे. आत्याबाई बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी जेसीबीनं खड्डा खणून, मीठ टाकून त्याला पुरलं. आमचा निम्मा हरभरा तुडवला गेला होता. बाकीचा कळप पुढंही येत राहिला, पण माणूस दिसला की पळायचा.

आत्याबाईंचा खांदा काळानिळा झाला होता. मी तापवलेल्या विटेनं शेकत होते. भरून माप जरा जास्तच झालं का, असं मी विचारलं.

"खांद्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "पैली टोपी फुटली तवा ते माज्याकडंच बघायलतं."

मी शेकायची थांबले. त्यांनी माझा हात धरून वीट परत खांद्यावर ठेवली.